कुलूपबाईंनी मला फाईल दिली नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावर विराजमान कुलगुरू मॅडम, माझे सहकारी विश्वस्त, अध्यापक मंडळी, कर्मचारी बंधू-भगिनींनो, आणि आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या अभिलेखपाल बाई,

बाईंच्या गौरवाचं भाषण मी करावं, असं ज्यांनी सुचवलं त्यांना एक तर इतिहास ठाऊक नाही, किंवा फारच चांगला ठाऊक आहे. अभिलेख कक्षाच्या किल्ल्या सव्वीस वर्षं बाईंकडे होत्या. त्यांना 'कुलूपबाई' हे नाव कुणी ठेवलं? मीच. रागाच्या भरात.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच विश्वस्त झालो होतो. आरशासमोरून जाताना स्वतःलाच नमस्कार करावासा वाटे! त्याच सुमारास रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांविरुद्ध एका संशोधक मुलीने तक्रार केली. तिचं तीन वर्षांचं काम त्यांनी स्वतःच्या नावावर छापलं होतं, आणि तिने तोंड उघडल्यावर तिला प्रयोगशाळेची दारं बंद केली होती. अंतर्गत चौकशी झाली. सहा जणांनी गोपनीय साक्षी दिल्या. आणि हे विभागप्रमुख कोण? तर आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू.

घरी पानावर बसलो की एकच विषय. "तुम्ही विश्वस्त ना? मग दादाविरुद्ध कोण कोण बोललं, एवढंसुद्धा कळू नये तुम्हाला?"

दुसऱ्याच दिवशी मी तळमजल्यावरच्या त्या कक्षात हजर.

"चौकशीची फाईल काढा."

"अर्ज भरा, साहेब."

भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'विश्वस्त असल्यामुळे'.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे पद झालं. कारण लिहा."

मी पेन चावत बसलो. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं आणि लिहिण्यासारखं सुचत नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो? आवाज चढवतो. "मी कोण आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, म्हणूनच तर." मग त्या जरा हळू म्हणाल्या, "तुम्ही वाईट माणूस नाही, साहेब. पण संध्याकाळी घरी जाता ना?"

मी तावातावाने विश्वस्त मंडळाकडे बाईंची तक्रार केली. मंडळाने नियमच करून टाकला. अहवाल सर्वांनी मिळून बैठकीतच वाचायचा, साक्षीदारांची नावं झाकून. आणि ज्याचं नातं असेल त्याने बाहेर बसायचं. या नियमाखाली बाहेर बसलेला पहिला विश्वस्त आपल्यासमोर उभा आहे. अडीच तास, व्हरांड्यातल्या बाकावर! येणारा-जाणारा विचारी, "काका, कुणाला भेटायचंय?"

मेहुण्यांना पद सोडावं लागलं. मुलीचं काम तिच्या नावावर छापून आलं. आज ती दुसऱ्या विद्यापीठात शिकवते. आमच्या घरी मात्र तीन आठवडे "भाजी वाढू का?" यापलीकडे माझ्याशी कुणी बोललं नाही.

नावं कळली असती, तरी मी काही केलं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे इथे कुणाला माहीत नाही? दुसऱ्या पोळीपर्यंत सहाही नावं घरात सांगून झाली असती. मेहुणे तेव्हा पदावर होते, आणि त्या सहांतल्या काहींच्या नोकऱ्या त्यांच्या सहीवर होत्या.

ते लोक आज या सभागृहात असतील. एखाद्याच्या बढतीला मी हात वर केला असेल, एखाद्याशी रोज चहा पीत असेन. कोण, ते मला माहीत नाही. बाई, ते मला माहीत नाही म्हणूनच मी आज त्यांच्या नजरेला नजर देऊ शकतो. त्या दिवशीच्या माझ्या वागण्याची माफी नऊ वर्षं राहून गेली होती. ती आज सर्वांसमक्ष मागतो.

बोलायची संधी दिलीत आणि मध्येच चिठ्ठी पाठवली नाहीत, याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.