वस्तऱ्याचं टोक

काका – हा कशावर घासलास? फरशीवर?

मुलगी – दगडावरच. आईच्या डब्यात होता तो दगड.

काका – ही कड बघ, दिव्याखाली धर. करवत झालीय. दाब किती दिलास?

मुलगी – धार येईपर्यंत दिला.

काका – शाबास. वस्तऱ्याशी कुस्ती खेळलीस.

मुलगी – काका, काल मी बाबांना कापलं.

काका – कुठं?

मुलगी – कानाखाली. नखाएवढंच, पण रक्त थांबेना. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन दार लावून घेतलं. त्यांचे हात थरथरतात, त्यांना तो धरता येणार नाही, हेसुद्धा सुचलं नाही मला.

काका – आधी बस बघू.

मुलगी – बसायला नाही आले. शिकवा मला.

काका – अगं, मीच येतो घरी. तुझ्या बाबांची, मिस्त्रींची दाढी मीच करायचो, त्यांचे हात थरथरायला लागेपर्यंत. मग त्यांना दुकानात चार लोकांत या खुर्चीवर बसायची लाज वाटायला लागली, म्हणून तर तुझी आई शिकली.

मुलगी – कुणाला जवळ येऊ देत नाहीत. दादाने दाढीचं मशीन आणलं, त्याचा हात झटकला. आई जाऊन तीन आठवडे झाले, काका. या तीन आठवड्यांत एक शब्द बोलले नव्हते. परवा बोलले. 'दाढी.' आणि हा डबा माझ्याकडे सरकवला. दादा शेजारीच बसला होता, त्याच्याकडे नाही.

काका – मग करायलाच हवी.

मुलगी – आता मी नको म्हटलं तर ते पुन्हा बोलायचे नाहीत. आणि करायला गेले तर मान हलते त्यांची. एक क्षण थांबत नाही. कालपासून मला तेवढंच दिसतंय, ती मान आणि हे पातं. जेवताना दिसतं, भांडी घासताना दिसतं.

काका – आण इकडे. हे स्टेनलेस आहे. मी नको म्हणालो होतो तुझ्या आईला. साधं पोलाद लवकर ऐकतं, हे हट्टी. पण तुमची मोरी ओलसर, साधा वस्तरा चार दिवसांत गंजेल म्हणाली. आता बघ. हे घासलं की कडेला बारीक पापुद्रा उलटून राहतो. बोटाला वाटतं, धार आली. ती धार नव्हे. तोच पापुद्रा कातडी ओरबाडतो. काल तुला त्यानेच फसवलं.

मुलगी – मग तो काढायचा कसा?

काका – दाब सोडून. दगडावर पाणी घाल. पाठ आणि धार, दोन्ही टेकव. धार पुढे ठेवून ने. आता पाठीवर वळव आणि परत आण. वस्तऱ्याला त्याच्या वजनाने जाऊ दे. खांदे सोड की! ओझं उचलायला आलीयस का?

मुलगी – हात पुन्हा दाब देतोय माझा.

काका – हाताकडे बघू नकोस, आवाज ऐक. आधी खरखरत होता. आता?

मुलगी – सळसळतोय.

काका – आता चामड्याचा पट्टा. इथं सगळं उलटं. पाठ पुढे, धार मागून. धार पुढे घातलीस तर पट्टा कापशील. तुझ्या आईने माझे दोन कापले.

मुलगी – आईने?

काका – थांब थांब. हे टोक असं कसं?

मुलगी – कसं?

काका – हे शेवटचं नखभर. इथं धार कशी आली?

मुलगी – तेवढंच बोथट झालं होतं. सगळ्यात जास्त मी तिथेच घासलं.

काका – अगं पोरी, ते झालं नव्हतं. केलेलं होतं! मान हलली की आधी टोक रुततं. म्हणून दर वेळी धार लावून झाली की तुझी आई तेवढं टोक दगडाच्या कडेवर मारून बोथट करून ठेवायची. आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. भीतीपोटी तिनेच शोधून काढलं.

मुलगी – म्हणजे तिने जे मारून ठेवलं होतं, त्यालाच मी धार लावली. आणि तेच बाबांच्या...

काका – हो. तेच.

मुलगी – पण आईला कसली भीती? मी दारातून बघायचे ना. भाजीचे भाव सांगत सांगत करायची. हात कधी अडला नाही.

काका – दारातून पाठ दिसते, बाळ. पहिल्या दिवशी ती त्या बेसिनमध्ये ओकली होती.

मुलगी – मला कधी बोलली नाही.

काका – कुणालाच बोलली नाही. आता ही माझ्या हनुवटीखालची खूण बघ. तुझी आई. दिवस तिसरा.

मुलगी – तुम्ही तिला तुमची दाढी करू दिलीत?

काका – शिकायला कुणाची तरी मान लागतेच. मी डोळे मिटून बसायचो. तिला वाटायचं, केवढा विश्वास! मला बघवत नव्हतं. चल, टोक मार. कडेवर, उभं धरून. आणखी एकदा. बोट लाव, काही लागतंय?

मुलगी – नाही.

काका – झालं. दुकानाचं दार ओढून घे आणि साबण फेस. मी बसतो खुर्चीत.

मुलगी – काका, नको.

काका – मान मुद्दाम हलवणार आहे मी. मिस्त्रींची हलते तशी.

मुलगी – मला नाही जमायचं.

काका – एक कर. बोलत राहा. भाव ती काही उगाच सांगत नव्हती. माणूस ऐकायला लागला की मान जरा कमी हलते.

मुलगी – काय बोलू?

काका – आज बटाटे काय भाव?

मुलगी – मी तीन आठवडे बाजारात गेले नाहीये.

काका – मग खोटं सांग. मी कुठं विकत घेणार आहे!

(दुसऱ्या दिवशी सकाळी. घर. खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा, गळ्याभोवती टॉवेल.)

मुलगी – बटाटे महागलेत, बाबा.

बाबा – हं.

मुलगी – भेंडीकडे तर बघवत नाही. कोवळी म्हणून देतात आणि घरी आणली की...

बाबा – थांब.

मुलगी – लागलं? कुठं लागलं?

बाबा – नाही. ओढतंय. पट्ट्यावर... पुन्हा मार.

मुलगी – असा?

बाबा – हळू. पटाशी नाही ती.

मुलगी – आता?

बाबा – हं. आता बरोबर.

मुलगी – दोन्ही गाल झाले. आता गळा. मान जरा वर करा.

बाबा – टोक... मारलंस?

मुलगी – तुम्हाला माहीत होतं?

बाबा – जन्मभर सुतारकीच्या हत्यारांना धार लावली मी. तिला वाटायचं... मला कळत नाही.

मुलगी – मग बोलला का नाहीत कधी?

बाबा – कशाला? तिला तेवढाच धीर.

मुलगी – बाबा, मान फार हलतेय. मी थांबते थोडी.

बाबा – हात गार आहे तुझा.

मुलगी – भीती वाटतेय.

बाबा – तिचाही गार असायचा.

मुलगी – सुरुवातीला?

बाबा – रोज. चौदा वर्षं. गालावर गार... गळ्यापाशी येईतो गरम व्हायचा.

मुलगी – माझा अजून झाला नाही, बाबा.

बाबा – मग गाल पुन्हा कर.