दोन्ही पायांना गेरू

नागीण एकदम दोन्ही पायांवर उठते का, तूच सांग. पण आमची आत्या ऐकेल तर ना! माझ्या पोटऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके आलेले, तोंडात फोड. तिने मला खडवलीला नेऊन नागिणीवर औषध देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून गुडघ्यापर्यंत गेरू लावून घेतला. अरे, भांडायचंही त्राण नव्हतं माझ्यात.

शेवटी आत्याला घेऊन कल्याणला गेलो, तर स्किनचे डॉक्टर म्हणाले, "आधी पाय धुऊन या." धुतले. गेरू गेला, ठिपके राहिले. त्यांनी ठिपक्यांवर काच दाबून बघितली, तरी फिके पडेनात.

"नागीण नाही ही. रक्तवाहिन्यांना सूज आलीये. किडनीलाही असू शकते, तपासावं लागेल."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, तिथे गेरू कसा लावायचा?"