पोत्यात काय हाय?

शिरोलीजवळच्या एका गॅरेजात पंक्चर निघायची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोघं बोलत होते.

"नागाप्पा, जीपला काय झालं?"

"क्लच प्लेट गेली, बाबासो. परवा गगनबावड्याकडं रानात डुकराच्या शिकारीला गेलतो."

"आयला! मग?"

"मग काय, मोबाईलला रेंज न्हाई, जवळपास माणूस न्हाई. तीन तास बसलो. शेवटी एक गाडी आली, तर ती फॉरेस्टची!"

"मेलास की रं!"

"साहेब म्हणाला, पोत्यात काय हाय? आत डुक्कर धरायचं जाळं. मी म्हटलं, वाकळ हाय साहेब, गारठा असतोय न्हवं."

"आन् त्यानं सोडलं?"

"सोडतोय कुठला! पोतं उपडं केलं. मी डोळंच मिटलं."

"आन्?"

"वाकळच निघाली, बाबासो! आमच्या घरातली. वर चार भाकऱ्या आन् ठेचा. सुटलो बघ!"

"काय सांगतोस!"

"साहेबानं बी एक भाकरी खाल्ली, आन् दोर लावून जीप डांबरीपतोर वढून आणली."

"हे गंगव्वा वहिनीचं काम. घरी जाऊन इचारलंस का न्हाई?"

"काय इचारू? निघताना मीच तिला सांगितलं होतं, देवाला जातोय म्हणून."

"आन् जाळं?"

"परसात हाय की. दोडक्याच्या वेलाला ताणून बांधलंय तिनं. मी बघितलं, आन् गप चहा प्यालो."