चौदाव्या फेरीला ताई थांबल्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या वाहिनीचे संचालकसाहेब, फुटबॉल महासंघाचे सचिव, जाहिरात विभागाच्या प्रमुख बाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, त्यांची कन्या, आणि समोर बसलेले माझे आजी-माजी सहकारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक शंका विचारतो. मला आलेल्या पत्रिकेवर 'निरोप समारंभ' छापलं आहे. माझ्या पाठीमागच्या फलकावर 'कृतज्ञता सोहळा' आहे. आणि मघाशी सूत्रसंचालकांनी 'आजचा सत्कार' असा उल्लेख केला. तेव्हा मी नक्की काय करायला उभा आहे, हे कुणी सांगेल का? नाही? मग माझ्यासारखाच सगळ्यांचा गोंधळ आहे असं धरून चालतो.

मी समालोचक. चोवीस वर्षं याच वाहिनीवर फुटबॉलबद्दल बोलतो आहे. समोर काय चाललंय ते सांगायचं, एवढाच माझा धंदा. पण ताईंबद्दल बोला असं सांगण्यात आलं, तेव्हा आठ दिवस कागद कोराच राहिला. बायको म्हणाली, "दोन तास न थांबता बोलता, आणि एका बाईविषयी दहा मिनिटं सुचत नाही?" तिला म्हटलं, अगं, सामन्यात कोण जिंकलं ते शेवटी फळ्यावर लागतं. इथे फळाच नाही.

ताई आमच्याकडे प्रक्षेपण हक्कांच्या प्रमुख. नवीन मंडळींसाठी सांगतो. सामना खेळतात खेळाडू, पण तो कुणाच्या पडद्यावर दिसणार हे आधी लिलावात ठरतं. महासंघ विकतो, वाहिन्या विकत घेतात, आणि मग जाहिराती विकून ते पैसे भरून काढतात. वर्षानुवर्षं गणित सोपं होतं. लीग आमच्याकडे, लीगमुळे जाहिराती आमच्याकडे, आणि त्यामुळे मी, माझा घसा आणि मैदानाबाहेर उभी राहणारी आमची प्रक्षेपणाची गाडी, सगळं सुखात.

सहा वर्षांपूर्वी लिलाव आला. चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, एक लांब टेबल, दोन संगणक, आणि गार झालेला चहा. मी तिथे असायचं काही कारण नव्हतं. हक्क मिळाले की लगेच आनंदाची घोषणा माझ्या आवाजात करायची होती, म्हणून मला बसवलं होतं. मजकूर माझ्या खिशात तयार होता. समोर एकच प्रतिस्पर्धी, एक फोन कंपनी. ते दिसत नव्हते, पडद्यावर नुसता त्यांचा आकडा यायचा. आपण एक पायरी वर चढायचं, मग ते चढणार. ज्याची पाळी त्याला पंधरा मिनिटं. तेवढ्यात बोली वाढवली नाही, तर संपलं.

पहिल्या आठ फेऱ्या हसतखेळत गेल्या. दहाव्या फेरीनंतर कुणी चहाला हात लावला नाही. ताईंनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला, बघितला, परत ठेवला. त्यांनी आधीच घरी बसून ठरवलेला आकडा त्यावर होता. तो अकराव्या फेरीलाच मागे पडला होता, हे मला नंतर कळलं. चौदावी फेरी आली आणि त्यांनी संचालकसाहेबांना फोन लावला. साहेब विमानतळावर होते. साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यावर सोडतो." आता, वरिष्ठ असं म्हणाले की खालच्याने काय समजायचं असतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साहेब हसले. म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. मी न राहवून म्हणालो, "ताई, एक पायरी. एकच."

ताई म्हणाल्या, "एकच, एकच म्हणत आपण तीन पायऱ्या जास्त आलोय."

"पण लीग गेली तर आपल्याकडे उरणार काय?"

"आणि एवढ्याला घेतली तर? एका सामन्याचे पैसे वसूल करायला तो सामना चार तासांचा करावा लागेल हो. मधल्या जाहिराती बसवायच्या कुठे?"

जाहिरात विभागाचा माणूस हात पुढे करून माऊसला हात लावणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "थांबा." मोठ्याने नाही. दूध उतू जाताना म्हणावं तसं. त्या माणसाने हात मागे घेतला. उरलेली मिनिटं आम्ही सहा माणसं एका घड्याळाकडे बघत बसलो. मग पडदा करडा झाला. त्या दिवसापासून त्यांच्या पाठीमागे त्यांचं नाव 'थांबाबाई' पडलं. ताई, तुम्हाला ते माहीत होतं, हे मला माहीत आहे.

लीग गेली. पाठोपाठ प्रक्षेपणाची गाडी गेली, आणि गाडीबरोबर बासष्ट माणसं. कॅमेरावाले, ध्वनीवाले, केबल ओढणारे, चालक. मी राहिलो, कारण माझा करार बाकी होता. पण बोलायचं कशावर? मला मासे पकडण्याच्या स्पर्धांवर बसवलं. हसू नका. तीन तास एक माणूस गळ टाकून बसतो, आणि मी पाण्याविषयी बोलतो. पाण्याविषयी माणूस किती बोलणार?

त्या रागात मी संचालकसाहेबांना एक पत्र लिहिलं. हक्क विभागाच्या प्रमुखांनी ऐन वेळी कच खाल्ली, संस्थेचं नुकसान केलं, त्यांना त्या पदावरून दूर करावं. एक्केचाळीस सह्या झाल्या, पहिली माझी. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या सह्या त्यात आहेत, पण कागद माझा, शब्द माझे. चार दिवसांनी ते पत्र माझ्या टेबलावर परत आलं. मी घाईत 'तेराव्या फेरीला' असं लिहिलं होतं. ते पेन्सिलीने खोडून वर 'चौदाव्या' केलेलं. बाकी एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी ताई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "खोकला बरा आहे का आता?"

मला सांगा, अशा माणसावर रागावून राहायचं तरी कसं? आणि नाही रागावायचं, तर त्या बासष्टांचं काय?

इकडे सामने फोनवर सुरू झाले. पहिलं वर्ष फुकट! फोन कंपनीला सामन्यातून कमवायचंच नव्हतं, तिला गिऱ्हाईक हवं होतं. आम्ही सामना विकत घेत होतो, ते बघणारा विकत घेत होते. माझे सासरे, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, हातभर अंतरावर फोन धरून बसायचे. चेंडू दिसायचा नाही. खेळाडू कुठे पळताहेत त्यावरून चेंडू ओळखायचे. त्यात शेजाऱ्यांचा फोन आमच्यापेक्षा अर्धं मिनिट पुढे. भिंतीपलीकडे आरडाओरडा झाला की सासरे म्हणायचे, "चला, आता आपला गोल होईल."

दुसऱ्या वर्षी पैसे लागू झाले, लोक गळाले. तिसऱ्या वर्षी फोन कंपनीने हात वर केले आणि करार अर्ध्यात सोडला. ज्यांनी ताईंना नावं ठेवली होती, ते म्हणू लागले, काय दूरदृष्टी बघा! त्यात मीही होतो. मी तर आधीपासूनच म्हणत होतो, असंसुद्धा एक-दोनदा म्हणून गेलो. ताईंनी ऐकून घेतलं.

महासंघ पुन्हा विकायला निघाला. या वेळी घेणारं दुसरं कुणी नव्हतं. ताईंनी निम्म्याहून कमी किमतीत लीग परत आणली, आठवड्याला दोन सामने. सचिवसाहेब, तुमचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते मी पाहिलं आहे, त्यावर बोलत नाही. मी गळ सोडला आणि मैदानावर परत आलो. पेढेच वाटले असते, पण त्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ घरी येऊन बसला.

माझा भाऊ एका छोट्या क्लबच्या मैदानाचं गवत सांभाळायचा. एकोणीस वर्षं. त्या क्लबने लिलावाचा मोठा आकडा बघून तीन महागडे खेळाडू घेतले होते, लांबलांब करार करून. हक्कांची किंमत निम्म्याखाली आली तशी क्लबच्या वाट्याची रक्कम आटली, आणि क्लबने कुलूप लावलं. जेवायला बसलो होतो. भाऊ म्हणाला, "दादा, भाव पाडला तो तुमच्या ताईंनीच ना?"

मी म्हटलं, "अरे, दुसरा कुणी घेणाराच नव्हता."

"म्हणजे अडला आहे म्हणून कमी दिलं."

"तू संध्याकाळी बाजारात उरलेली भाजी घेतोस, तेव्हा काय करतोस?"

"भाजीची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "भाजीला बायकामुलं नसतात."

आमची आई मध्ये पडली, "जेवताना नको." आता भाऊ एका इस्पितळाच्या आवारातलं गवत सांभाळतो. म्हणतो, इथे कुणी त्यावर खेळत नाही, त्यामुळे छान वाढतं.

म्हणजे बघा. ताई जास्त द्यायला तयार झाल्या नाहीत, तेव्हा माझी माणसं गेली. ताईंनी कमी दिले, तेव्हा माझा भाऊ गेला. आणि दोन्ही वेळा वाहिनी वाचली, माझा पगार वेळेवर झाला. मी कुणाकडे बघून बोट दाखवू?

त्या निवृत्त होणार हे कळलं तेव्हा मी वर गेलो. ताई कपाटातल्या फाइली बांधत होत्या. मला म्हणाल्या, "बरं झालं आलात. ही दोरी धरा." मी दोरीवर बोट ठेवून उभा राहिलो आणि एकदाचं विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात का?"

त्यांनी गाठ मारली. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत त्या फोन कंपनीचा माणूस भेटला. त्या दिवशी तिकडे बटणावर बसलेला. त्याची नोकरी गेली होती. मला म्हणाला, बाई, तुम्ही अजून एक पायरी चढला असतात तर मी सुटलो असतो. मला तिथेच थांबायला सांगितलं होतं."

मी म्हटलं, "एक पायरी?"

"एकच. तुम्ही म्हणाला होतात तेवढीच."

मी म्हटलं, "आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? बासष्ट घरी फोन करू, की तुम्ही एका पायरीसाठी गेलात म्हणून?"

"म्हणजे तुमचं चुकलं."

"असं कसं म्हणता? तेवढ्याला घेतली असती तर आपणही त्यांच्यासारखेच तिसऱ्या वर्षी बुडालो असतो. मग सगळेच गेले असते, तुमच्यासकट." मग पुढची फाइल ओढत म्हणाल्या, "कदाचित नसतोही बुडालो. मी दोन्ही गणितं मांडून पाहिली. दोन्ही जुळतात."

"दोन्ही कशी जुळतील, ताई?"

"तेच मला कळत नाही," त्या म्हणाल्या. तीस वर्षं आकड्यांत काढलेली बाई, आणि शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलीसारखा चेहरा.

मी विचारलं, "हे भाषणात सांगू?" आत्ता यजमानांकडे एक नजर टाकतो, कारण हे त्यांनाही आज पहिल्यांदाच कळतंय, असं दिसतं. ताई म्हणाल्या, "सांगा. सगळं सामान घरी नेतेय, पण हे नको. घरी ठेवायला जागा नाही."

म्हणून सांगितलं. संचालकसाहेब, आता तुम्ही हसत नाही आहात, तरी मला पुढे बोलावं लागेल, थोडंच राहिलं आहे.

आज मी लवकर आलो होतो. दाराशी उभा होतो तर आमचे दोन नंबरच्या कॅमेऱ्यावरचे काका आत येताना दिसले. त्या बासष्टांतले. हल्ली लग्नांचं चित्रीकरण करतात. त्यांच्यामागे आणखी आठ जण. ते बघा, शेवटून दुसऱ्या रांगेत नऊही जण बसले आहेत. मी दचकलो. म्हटलं, "काका, तुम्ही कसे?"

"ताईंचा फोन आला होता. स्वतः केला होता त्यांनी. बासष्टच्या बासष्ट जणांना. त्या शेवटच्या पायरीचंही सांगितलं."

म्हणजे मला परवानगी दिल्यावर त्यांनी बासष्ट घरी फोन केलेच. मी विचारलं, "मग? राग नाही आला?"

"आला की. अजून आहे. ठेवून दिला फोन मी तेव्हा."

"मग आलात कशाला?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू समालोचक असून याला साधं समोरचं दिसत नाही. म्हणाले, "राग आहे म्हणून काय निरोपाला यायचं नाही?"

अध्यक्षमहाराज, मी वेळ जास्त घेतला. मला बोलायची संधी दिलीत याबद्दल आयोजकांचे, शांतपणे ऐकून घेतलंत याबद्दल आपणा सर्वांचे आणि दूरवरून आलेल्या त्या नऊ जणांचे मनापासून आभार. ताई, पुढचं आयुष्य तुम्हाला आकड्यांवाचून जावो. बोलण्याच्या ओघात काही कमी-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि मी कुणा एकाची बाजू घेतली असं कुणाला वाटलं असेल, तर ती माझ्या बोलण्यातली चूक समजा. बाजू घेता आली असती, तर मीच सुटलो असतो.

नमस्कार.