सीलबंद बेअरिंग आणि माझी सही

गाव आमचं देवगडकडचं, पण गावाला मी पाहुणी, जन्म परळच्या चाळीतला. बाबा गिरणीत फिटर, गिरणी बंद पडली तसे लालबागला एका गॅरेजात लागले, आणि मी त्यांचा डबा घेऊन जायची, डबा ठेवून परत यायचं ते मला काय जमलंच नाही, काय सांगू तुम्हाला. बाबा गाडी जॅकवर चढवायचे, चाक फिरवायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एक्सलला टेकवून मूठ कानाला लावायचे, मग मला म्हणायचे, कान लाव गो बाय, काय आयकाक येता? मी म्हणायची, जात्यात खडा आलाय बाबा. तेव्हा कुठे ते खूश.

आई म्हणायची नखातलं काळं गेलं नाही तर हिचं लग्न कसं जमायचं. जमलं की! आमचे हे बसवर कंडक्टर, पहिल्याच दिवशी माझे हात बघून म्हणाले, मंदा, एवढी घासू नकोस, दुखतील. बाबा गेल्यावर गॅरेजच्या शेठनी मला त्यांच्या जागी उभं केलं, गिऱ्हाईकं यायची आणि विचारायची मिस्त्री कुठाय, मी म्हणायची समोर आहे, बघा आवडतोय का.

तर ती ट्रेलरची गोष्ट. एका ट्रस्टचा डोळे तपासायचा फिरता दवाखाना आहे, जीपच्या मागे जोडायचा ट्रेलर, दोनच चाकं, आत मशीन आणि खुर्ची, कोकणात गावोगाव जातो. निघायच्या आधी तो आमच्याकडे यायचा आणि गाडी तपासली म्हणून कागदावर मी सही करायची. गेल्या पावसाळ्यात हा ट्रेलर हिंदमाताजवळ त्यांच्या आवारात उभा होता, तिथे पाणी कसं भरतं ते तुम्हाला माहीत आहे, चाकं पार बुडाली, दिवसभर बुडालेली. हे मला त्यांच्या ड्रायव्हरने, शंकरने सांगितलं. मॅनेजरने नाही सांगितलं.

पाणी ओसरल्यावर ट्रेलर आला, मॅनेजर साहेब सोबत, म्हणाले बाई, सकाळी निघायचंय, सही द्या. मी म्हटलं चाकं बघते. म्हणाले बेअरिंग सीलबंद आहेत, नवीन पद्धतीची, त्यात काय बघणार तुम्ही? आता हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. सीलबंद म्हणजे त्यात ग्रीस भरायचं नाही, एवढंच. बघायचं नाही असं कुणी सांगितलं? सील म्हणजे रबराची एक कड, ती काय पाण्यात पोहायला केलेली नाही.

मी जॅक लावला, जॅक सुटला तरी पडू नये म्हणून खाली लोखंडी घोडे लावले, ब्रेक सोडला. चाक वरून-खालून धरून हलवलं. डावं गप्प. उजवं हललं, एवढंसंच, नखाएवढं, पण हललं. फिरवलं आणि चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला तर हाताला खरखर लागली. डावीकडे तसं काय नाही. मी म्हटलं सही नाही देत. साहेब म्हणाले तिकडे माणसं वाट बघतायत, म्हातारी माणसं, वाड्यावाड्यांवरून चालत येतात. मी म्हटलं म्हणूनच नाही देत. मग ते शेठकडे गेले, शेठ आले आणि म्हणाले मंदा, एवढं कशाला ताणतेस, कर सही आणि मोकळी हो.

तेव्हा मी काय केलं सांगू? उजवं चाक काढलं, खाली आडवं टाकलं आणि त्याच्यावर बसले. म्हटलं घेऊन जा आता एका चाकावर.

साहेब लाल झाले, म्हणाले तुमच्याकडे सर्टिफिकेट काय आहे? मी म्हटलं हात आहेत. तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या, ट्रेलरसोबत त्याच जातात, तरुण आहेत, त्याही वैतागलेल्या. म्हणाल्या ताई, शिबिर रद्द केलं तर ती माणसं पुन्हा येतीलच असं नाही, तुम्ही नक्की सांगताय का? आता खरं बोलते, तेव्हा मी घाबरले. कारण असं आहे, हे बेअरिंग प्रेसखाली दाबून बाहेर काढलं की ते गेलं, चांगलं असलं तरी परत बसत नाही, आणि नवीन मिळायला दुपार होणार. म्हणजे मी चुकले तर बेअरिंगही गेलं, शिबिरही गेलं, आणि बाईला काय कळतंय हे सगळ्यांचंच खरं झालं.

मी उठले, चाक परत चढवलं, मॅडमना म्हटलं इथे स्प्रिंगवर हात ठेवा. चाक फिरवलं. मग डावीकडे नेलं, तिथेही ठेवायला लावला. त्या परत उजवीकडे आल्या, परत हात ठेवला. म्हणाल्या काढा.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग ज्यात बेअरिंग बसतं तो, प्रेसखाली ठेवला, दाबला. सील सुटलं आणि आतून तांबूस पाणी आलं हो, चहासारखं! ग्रीस पांढरं पडलेलं, गोळ्यांच्या वाटेवर खड्डेच खड्डे. घाटात जाम झालं असतं तर चाकच निखळून गेलं असतं, पुढे जीपमध्ये मॅडम आणि शंकर. शेठ खाली बघत होते. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले, आजपर्यंत मला एका शब्दाने काही म्हणालेले नाहीत, नकोच आहे मला. दोन्ही बाजूंना नवीन बेअरिंग घातली, नवीन नट, टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने सांगितलं तेवढंच आवळलं, शिबिर एक दिवस उशिरा झालं. माणसं थांबली होती. मॅडमनी फोन करून सांगितलं.

आता शेठ म्हणतात पुढच्या वेळी असं काय करायच्या आधी मला विचार. मी म्हटलं नाही विचारणार. अजून कामावर आहे, बघा.

उद्या ट्रेलर परत निघतोय. शंकरला सांगून ठेवलंय, पनवेल सोडलंस की थांब, दोन्ही हबजवळ उलटा हात ने, एक गार आणि एक तापलेला लागला तर बेअरिंग बिघडलंय समज, पुढे जाऊ नको, मला फोन कर, साहेब काय म्हणतात ते ऐकू नको. नीट जा रे, आणि सगळ्यांना घेऊन ये.