थांबल्यासारखा पत्रा

१९९१ साली माझं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात शेजारी पत्र्याच्या कारखान्यातला एक कामगार बसला होता, उजव्या हाताला बँडेज. सोबत बायको.

"धावत्या पत्र्याला हात लावलातच कसा?"

"धावतोय असं वाटलंच नाही गं. पूर्वी फडफडत जायचा. आता खालून-वरून हवेचे झोत सोडतात, कशालाही न टेकता तरंगतो. इतका स्थिर, की वाटलं लाइन थांबली. कडा चाचपायला गेलो."

"आवाजावरून कळत नाही?"

"त्या पंख्यांच्या घरघरीत?"

"पुरे झालं. सोडा ती नोकरी."

"आणि घरी बसून तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू?"

"वाटा. निदान डोळ्यांसमोर असाल."

"बोटं हलली तर साहेब परत घेणार आहेत."

"मग देवा, नकोच हलू देऊस."

"अगं!"

"दमले हो मी."

"मी काय ताजातवाना आहे?"

तेवढ्यात नर्सने त्याला आत बोलावलं.

पुढे मी त्यांच्याच गल्लीत राहायला गेले, म्हणून कळलं. बोटं हलली. निवृत्तीपर्यंत तो त्याच लाइनवर होता. ती त्याच्या निवृत्तीच्या बऱ्याच आधी वारली, एका दुपारी, तो पाळीवर असताना.