खिडकीतला उंट

पंच : इथं सही करा, दोघांनीही. डाव बरोबरीत, अर्धा-अर्धा गुण. आणि बोलायचं तर बाहेर व्हरांड्यात. आत बाकीच्यांचे डाव चालू आहेत.

(दोघं बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलमधून व्हरांड्यात येतात.)

बाबा : माझ्या हत्तीला वाट नव्हती. चारदोन खेळ्यांत जिंकली असतीस.

लेक : दिसत होतं मला.

बाबा : पहिला नंबर होता तुझा. हातातोंडाशी आलेला घास टाकलास. म्हाताऱ्याची कीव आली?

लेक : कीव कसली, बाबा. आधी सांगा, तो उंट खिडकीत कुणी बसवला?

बाबा : कुठला उंट?

लेक : वेड पांघरू नका. प्यादं एक घर सरकवायचं, मागच्या घरात उंट बसवायचा. ही माझी सुरुवात. तुम्ही चिडवायचात, 'उंट बसला खिडकीत, राजा सापडला कात्रीत.'

बाबा : चिडवायचो खरा.

लेक : मग आज तुम्हीच का खेळलात ती?

बाबा : तू घर सोडून गेलीस, समोर कोण बसणार? पट फिरवून दोन्हीकडून मीच खेळतो. माझ्या बाजूनं माझी सुरुवात, तुझ्या बाजूनं तुझी. आज तू समोर आलीस, आणि बोटांना कळेचना, आपण कुणीकडून बसलोय ते.

लेक : म्हणून माझा उंट तुमच्या खिडकीत.

बाबा : आता तू सांग. बरोबरी का मागितलीस?

लेक : डाव चालू असताना समोरच्याशी दुसरं काय बोलता येतं? तेवढा एकच शब्द चालतो.

बाबा : आणि तो नेमका हा.

लेक : मी नोकरी सोडून खेळणार म्हणाले, तेव्हा तुम्हीच दारात ओरडला होतात, 'बापाशी बरोबरी करतेस?' शेजारच्या काकू जिन्यात थबकल्या होत्या.

बाबा : आज 'मान्य' म्हणालो ना.

लेक : किती वेळानं पण. तुमच्या घड्याळावरची वेळ संपत आली होती.

बाबा : पुन्हा विचारशील म्हणून थांबलो होतो. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला गं.

लेक : सारखं सारखं विचारलेलं नियमात बसत नाही, बाबा.

बाबा : माहीत आहे.

लेक : उद्या सकाळची गाडी आहे माझी.

बाबा : बरं… तुझी खोली झाडलेली असते. सहज सांगतोय.

लेक : दुपारचीही असेल ना एखादी गाडी?

बाबा : असते. संध्याकाळचीही असते.